शत्रूसोबत वाटून घेतलेला सन्मान

२१ मे १९५२. कोरियात चोरवॉनच्या पश्चिमेला 'ईरी' नावाची एक टेकडी होती. तिच्या माथ्यावर चिनी सैनिक बंकर बांधून बसले होते. खालून फिलिपिन्सच्या विसाव्या बटालियन कॉम्बॅट टीमची एक टेहळणी तुकडी वर चढत होती. तिचं नेतृत्व करणारा सेकंड लेफ्टनंट अवघा चोवीस वर्षांचा होता. दोनच वर्षांपूर्वी तो अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतून पदवी घेऊन बाहेर पडला होता आणि त्यानंतर इलिनॉय विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीही शिकला होता. त्या दिवशी त्याच्या तुकडीनं हातघाईची लढाई करून शत्रूचे बंकर उद्ध्वस्त केले आणि ती टेकडीवरून सुखरूप खाली उतरली. फिलिपिन्सच्या लष्करी इतिहासात ही चढाई आजही अभिमानानं सांगितली जाते.

२ सप्टेंबर १९९६. मनिलातला मलाकान्यांग राजवाडा. तोच लेफ्टनंट आता अडुसष्ट वर्षांचा होता आणि देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. त्याच्या उपस्थितीत एका करारावर सह्या झाल्या. करार करणारा दुसरा पक्ष होता मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंट, म्हणजे ज्या संघटनेशी त्याचं सैन्य पाव शतक लढत आलं होतं ती संघटना. पुढच्या वर्षी युनेस्कोनं त्याला शांतता पुरस्कार दिला. तो एकट्याला मिळाला नाही. अर्धा वाटा त्या संघटनेचा नेता नूर मिसुआरी याचा होता.

फिदेल व्हाल्देस रामोस यांच्या आयुष्यातले हे दोन दिवस शेजारी ठेवले की सन्मानांविषयीची एक गोष्ट लख्ख दिसते. शौर्यपदक एकाच्या छातीवर लागतं, आणि टेकडीवर समोर कोण होतं त्याचं नाव प्रशस्तिपत्रात येत नाही. शांतता मात्र एकट्यानं करता येतच नाही. तिचा सन्मान खरा असेल तर तो समोरच्यासोबत वाटून घ्यावा लागतो.

छातीवरच्या फिती

रामोस यांचा जन्म १८ मार्च १९२८ रोजी पांगासिनान प्रांतातल्या लिंगायेन या गावी झाला. वडील नार्सिसो रामोस पत्रकार आणि वकील होते, पुढे खासदार आणि मग परराष्ट्रमंत्री झाले. १९६७ साली बँकॉकमध्ये ज्या पाच जणांनी 'आसियान'च्या स्थापनेवर सह्या केल्या त्यांत फिलिपिन्सची सही त्यांची होती. म्हणजे घरात वाटाघाटींची परंपरा होती, पण मुलानं वाट धरली ती सैन्याची.

लष्करी गणवेशावर डाव्या खिशाच्या वर रंगीत फितींच्या ओळी असतात. जाणत्याला त्या एखाद्या चरित्रासारख्या वाचता येतात. रामोस यांच्या फितींत १९५२ सालचं 'मिलिटरी मेरिट मेडल' होतं. दीर्घ सेवेत मिळालेले 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस स्टार' होते. 'फिलिपीन लीजन ऑफ ऑनर' होतं. शौर्यासाठी 'मेडल ऑफ व्हॅलर'च्या खालोखाल मानला जाणारा 'डिस्टिंग्विश्ड कंडक्ट स्टार' होता. अमेरिकेचं 'लीजन ऑफ मेरिट' होतं आणि फ्रान्सचं 'लीजन ऑफ ऑनर'ही होतं.

या फितींमध्ये व्हिएतनामचाही एक काळ आहे. १९६६ साली फिलिपिन्सनं दक्षिण व्हिएतनाममध्ये जी तुकडी पाठवली ती प्रामुख्यानं अभियंत्यांची आणि वैद्यकीय पथकांची होती. ताय निन्ह प्रांतात रस्ते बांधणं आणि गावकऱ्यांवर उपचार करणं हे तिचं काम होतं. रामोस तिचे चीफ ऑफ स्टाफ होते. टेकडी जिंकण्यापेक्षा रस्ता बांधून लोकांचा विश्वास मिळवणं किती वेळखाऊ असतं, याचा धडा त्यांना तिथे मिळाला असणार.

कोरियाच्या त्याच भूमीवर महाराष्ट्राचा एक सेनानीही बंदुकीशिवाय विश्वास मिळवण्याच्या प्रश्नाला सामोरा गेला होता. कोल्हापूर भागातले मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांना दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईसाठी 'डी.एस.ओ.' हे शौर्यपदक मिळालं होतं. १९५३ साली कोरियातला युद्धविराम झाल्यावर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांना सांभाळण्याचं काम भारतीय दलाकडे आलं आणि थोरात त्याचे सेनापती झाले. छावण्यांतले कैदी भडकलेले होते, दोन्ही बाजूंचा भारतीयांवर संशय होता, आणि अशा वेळी यशाचं माप होतं न झाडलेल्या गोळ्या. असं यश मोजायला आणि मिरवायला कठीण असतं. शौर्याची पदकं सहज दिसणाऱ्या पराक्रमासाठी घडवलेली असतात. संयमाचा पराक्रम त्यांना फार क्वचित दिसतो.

पदकांमधली चौदा वर्षं

रामोस यांच्या चरित्रातली एक पोकळी मात्र कोणत्याही फितीत दिसत नाही, आणि ती वगळून त्यांचा गौरव करणं अप्रामाणिकपणाचं होईल.

सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी देशात मार्शल लॉ लागू केला. मार्कोस हे रामोस यांचे नातेवाईक. त्या वेळी रामोस फिलिपीन कॉन्स्टॅब्युलरीचे, म्हणजे देशभर पसरलेल्या निमलष्करी पोलीस दलाचे प्रमुख होते. विरोधकांची धरपकड करण्याचं काम मुख्यतः याच दलाकडे होतं. विरोधी पक्षनेते बेनिन्यो अकिनो पहिल्याच फेरीत पकडले गेले आणि सात वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिले. अकिनो सतराव्या वर्षी वार्ताहर म्हणून कोरियाच्या युद्धभूमीवर गेले होते आणि त्यासाठी त्यांना देशाचं 'लीजन ऑफ ऑनर' मिळालं होतं. एकाच युद्धात नाव कमावलेल्या दोन तरुणांपैकी एक तुरुंगात गेला आणि दुसरा त्या तुरुंगव्यवस्थेच्या शिखरावर बसला.

१९७५ च्या अखेरीस अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचं पथक फिलिपिन्सला गेलं. त्यानं १०७ कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ७१ जणांनी आपला छळ झाल्याचं सांगितलं. मार्कोस राजवटीतल्या पीडितांना भरपाई देण्यासाठी २०१३ साली तिथे कायदा झाला आणि त्याखाली ११,१०३ जणांचे दावे मान्य झाले. प्रत्येक अत्याचाराचा आदेश रामोस यांनी दिला असं म्हणता येणार नाही. पण दल त्यांच्या हाताखाली होतं, आणि त्या काळात ते गप्प राहिले, ही जबाबदारी त्यांच्यावरून उतरत नाही. पदकं कामगिरी मोजतात. जे करायला हवं होतं पण केलं नाही, त्याची फीत कुठल्याच सैन्यात नसते.

चार दिवस

ऑगस्ट १९८३ मध्ये अकिनो परदेशातून परतले आणि मनिलाच्या विमानतळावर उतरताच त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत त्यांच्या पत्नी कोराझोन मार्कोस यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. मतमोजणीत उघडउघड फेरफार झाले. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी संरक्षणमंत्री हुआन पोन्से एन्रिले आणि तेव्हा लष्कराचे उपप्रमुख असलेले रामोस यांनी मार्कोस यांची साथ सोडल्याचं जाहीर केलं.

त्यांच्यासोबत थोडेच सैनिक होते. एन्रिले कँप अग्विनाल्डोत होते. रस्त्यापलीकडच्या कँप क्रामेत रामोस होते. मधला रस्ता म्हणजे एपिफानियो दे लोस सांतोस अ‍ॅव्हेन्यू, आद्याक्षरांनी 'एड्सा'. त्या रात्री कार्डिनल हाइमे सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना आवाहन केलं आणि माणसं रस्त्यावर येऊ लागली. दुसऱ्या दिवशी रणगाडे आले तेव्हा त्यांच्यासमोर जपमाळा हातात घेतलेल्या नन्स गुडघे टेकून बसल्या होत्या. कुणी सैनिकांना फुलं देत होतं, कुणी जेवण. रणगाडे पुढे सरकलेच नाहीत. २५ फेब्रुवारीला मार्कोस देश सोडून हवाईला गेले.

आयुष्यभर बंदुकीची भाषा शिकलेल्या माणसाला तेव्हा वाचवलं ते निःशस्त्र माणसांनी. रामोस यांच्या पुढच्या वागण्याची मुळं मला इथे दिसतात. आनंदानं हवेत उडी मारतानाचा त्यांचा एड्सावरचा फोटो प्रसिद्ध आहे. पुढे अनेक वर्षं स्मरणदिनी ते ती उडी पुन्हा मारून दाखवत. वय वाढत गेलं तरी उडी चुकली नाही.

कोराझोन अकिनो राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि लष्करातल्याच असंतुष्ट अधिकाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध एकामागून एक बंडं केली. डिसेंबर १९८९ चं बंड तर सरकार उलथवण्याच्या बेतात होतं. आधी लष्करप्रमुख आणि मग संरक्षणमंत्री म्हणून रामोस प्रत्येक वेळी घटनेच्या बाजूनं उभे राहिले. ज्यांचा पती मार्शल लॉच्या कैदेत वर्षानुवर्षं होता, त्यांचं सरकार त्यांनी राखलं. एखाद्या माणसाला आपली चूक धुऊन काढण्याची याहून मोठी संधी क्वचितच मिळते.

मिंडानाओच्या जमिनीचा प्रश्न

१९९२ च्या निवडणुकीत सात उमेदवारांमध्ये रामोस निवडून आले ते अवघ्या साडेतेवीस टक्के मतांवर. कॅथलिक देशाचे ते पहिले प्रॉटेस्टंट राष्ट्राध्यक्ष ठरले. देशात तेव्हा एकाच वेळी तीन बंडं चालू होती : कम्युनिस्टांचं, लष्करी अधिकाऱ्यांचं आणि दक्षिणेतल्या मिंडानाओ व सुलू बेटांवरच्या मोरो मुस्लिमांचं.

मोरो प्रश्नाचं मूळ जमिनीत आहे, आणि त्या गोष्टीत मराठी वाचकाला चांगलं परिचित असलेलं एक नाव येतं : रामोन मॅगसेसे. विनोबांपासून जामखेडच्या आरोळे दांपत्यापर्यंत आणि बाबा आमटेंपासून प्रकाश व मंदाकिनी आमटेंपर्यंत ज्यांच्या नावाचा पुरस्कार महाराष्ट्राच्या घराघरात पोचला, ते मॅगसेसे स्वतः दुसऱ्या महायुद्धातले गनिमी लढवय्ये. १९५० साली संरक्षणमंत्री झाल्यावर त्यांनी लुझोन बेटावरचं हुक शेतकऱ्यांचं बंड मोडलं. लष्करातला भ्रष्टाचार त्यांनी रोखला, बंडखोरांना माफी दिली आणि शरण येणाऱ्यांना जमीन देऊ केली.

ती जमीन बरीचशी मिंडानाओत होती. प्रत्यक्षात तिथे वसवलेली माजी बंडखोर कुटुंबं थोडी होती, पण आधीच्या अमेरिकन राजवटीपासून चालत आलेल्या वसाहतीच्या धोरणाला त्यानं नवं बळ मिळालं. उत्तरेतले भूमिहीन ख्रिस्ती शेतकरी लाटेसारखे दक्षिणेत येत राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिंडानाओत बहुसंख्य असलेले मुस्लिम अर्ध्या शतकात बहुतेक भागांत अल्पसंख्य झाले. मोरोंकडे पिढ्यानुपिढ्या वहिवाट होती, पण कागद नव्हते. आलेल्यांकडे कागद होते. एका बेटावरची शांतता दुसऱ्या बेटावर नव्या संघर्षाचं बी पेरून गेली.

मार्च १९६८ मध्ये कॉरेगिडोर बेटावर मोरो तरुणांना गुप्त मोहिमेसाठी प्रशिक्षण दिलं जात होतं. तिथे लष्करानंच त्यांना ठार केलं. या घटनेनं मोरो समाज पेटून उठला. फिलिपिन्स विद्यापीठात शिकवणारे सुलूचे तरुण प्राध्यापक नूर मिसुआरी यांनी मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंट उभी केली. मार्शल लॉ आल्यावर युद्ध भडकलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये होलो शहर लढाईत जळून गेलं. या संघर्षात लाखाहून अधिक माणसं मेल्याचं मानलं जातं. १९७६ साली लिबियाच्या मध्यस्थीनं त्रिपोली करार झाला आणि तेरा प्रांतांना स्वायत्तता देण्याचं ठरलं. मार्कोस यांनी अंमलबजावणीत तो पातळ करून टाकला आणि विश्वास उडाला.

टेबलाच्या दोन बाजू

रामोस यांनी सत्तेवर येताच पहिलं महत्त्वाचं पाऊल टाकलं ते कायद्याचं. कम्युनिस्ट पक्षाचं सदस्यत्वच गुन्हा ठरवणारा जुना कायदा सप्टेंबर १९९२ मध्ये रद्द झाला. मग हायदी योराक या वकील बाईंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय ऐक्य आयोग नेमला गेला. आयोग प्रांताप्रांतात फिरला आणि शांतता म्हणजे तुम्हाला काय हवं, हे लोकांनाच विचारत गेला. त्यातून जे शांततेचे सहा मार्ग सरकारनं स्वीकारले, त्यांत पहिला मार्ग सामाजिक आणि आर्थिक सुधारणांचा होता. वाटाघाटी त्यानंतर येत होत्या. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. बंडखोराशी बोलण्याआधी तो बंडखोर का झाला हे समजून घ्यायचं, असा त्याचा अर्थ होता.

बंडखोर अधिकाऱ्यांशी १९९५ साली करार झाला. ज्यांनी रामोस यांच्यावर बंदुका रोखल्या होत्या त्यांना माफी मिळाली. त्यांचा म्होरक्या ग्रेगोरिओ होनासान त्याच वर्षी लोकांच्या मतांवर सिनेटर झाला.

मोरोंशी बोलणी इंडोनेशियाच्या यजमानपदाखाली आणि इस्लामी देशांच्या संघटनेच्या मध्यस्थीनं सुमारे चार वर्षं चालली. सरकारचे मुख्य वाटाघाटकार मॅन्युएल यान हेही माजी लष्करप्रमुखच होते. समितीमागून समिती, मसुद्यामागून मसुदा, असं ते काम चाललं. मिंडानाओतले ख्रिस्ती पुढारी विरोधात मोर्चे काढत होते, मनिलात काही सिनेटर करारावर तुटून पडले होते. जुन्या सैनिकांनाही आपल्या साथीदारांचं रक्त आठवत होतं. अशा वेळी राष्ट्राध्यक्षाच्या छातीवरच्या फिती उपयोगी पडल्या. ईरी टेकडी चढलेल्या माणसाला भित्रा म्हणणं सोपं नव्हतं. युद्धात मिळवलेली पत रामोस यांनी शांततेसाठी खर्च केली. माझ्या मते त्यांच्या सगळ्या पदकांचा सर्वांत चांगला उपयोग हाच होता.

करारावर यान, मिसुआरी, इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री अली अलातास आणि इस्लामी देशांच्या संघटनेचे सरचिटणीस हमीद अल्गाबिद यांच्या सह्या झाल्या. स्वतंत्र देशाची मागणी सोडून मोरो नेत्यांनी स्वायत्तता स्वीकारली. मिसुआरी स्वायत्त प्रदेशाचे गव्हर्नर झाले. आणि ७,५०० मोरो लढवय्यांना देशाच्या सैन्यात व पोलिसांत सामावून घ्यायचं ठरलं.

जोडीनं दिला जाणारा पुरस्कार

युनेस्कोच्या त्या पुरस्काराला आयव्हरी कोस्टचे पहिले राष्ट्राध्यक्ष फेलिक्स उफ्वे-ब्वान्यी यांचं नाव आहे. सुरुवातीच्या वर्षांतली मानकऱ्यांची यादी पाहिली तर तिच्यात एक सूत्र सापडतं. १९९१ साली पहिला पुरस्कार नेल्सन मंडेला आणि डी क्लार्क यांना मिळाला. १९९३ साली यित्झाक राबिन, शिमॉन पेरेस आणि यासर अराफात यांना. १९९६ साली ग्वाटेमालाचे राष्ट्राध्यक्ष आल्व्हारो आर्सू आणि गनिमी सेनापती रोलांदो मोरान यांना. १९९७ साली रामोस आणि मिसुआरी यांना. पुन्हा पुन्हा काल एकमेकांचा जीव घ्यायला निघालेली माणसं एका व्यासपीठावर येतात.

ही रीत अनेकांना खटकते, आणि खटकणं साहजिक आहे. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना समोरच्या सेनापतीच्या गळ्यात हार पाहवत नाही. पण कैद्यांशी किंवा पराभूतांशी केलेला करार फार काळ टिकत नाही. बरोबरीनं सही करणाऱ्याशी केलेला टिकू शकतो. पुरस्काराचे दोन वाटे ही त्या बरोबरीची जाहीर कबुली असते.

नंतर काय झालं

शौर्यपदक मिळाल्यावर त्याचा हिशेब तिथेच संपतो. ईरीवरची ती चढाई कुणी परत घेऊ शकत नाही. शांतता पुरस्कार मात्र उसनवारीसारखा असतो. पुढची वर्षं तो फेडत राहावं लागतं.

आधीच वेगळी झालेली मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट ही संघटना १९९६ च्या करारात नव्हती आणि तिचं युद्ध चालूच राहिलं. मिसुआरींचा कारभार निराशाजनक ठरला, केंद्राकडून कबूल केलेला पैसाही पुरेसा पोचला नाही. पद जाण्याची वेळ आली तेव्हा नोव्हेंबर २००१ मध्ये त्यांच्या समर्थकांनी पुन्हा शस्त्रं उचलली. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांच्याच गटानं झांबोआंगा शहरात शिरून तीन आठवडे लढाई केली आणि एक लाखाहून अधिक माणसं बेघर झाली. वाटून घेतलेल्या पुरस्काराचा अर्धा भाग असा काळवंडला.

तरीही १९९६ वाया गेलं असं मला वाटत नाही. मोरोंशी बोलता येतं आणि लिहून घेता येतं, हे तेव्हा सिद्ध झालं. त्याच वाटेवरून मार्च २०१४ मध्ये मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंटशी सर्वंकष करार झाला. त्यावर सरकारच्या वतीनं सही केली ती मिरियम कोरोनेल-फेरर या प्राध्यापक बाईंनी. २०१९ साली जनमत घेऊन बांगसामोरो हा नवा स्वायत्त प्रदेश अस्तित्वात आला आणि ज्या संघटनेनं दशकानुदशकं युद्ध केलं तिचा नेता मुराद इब्राहिम त्याचा मुख्यमंत्री झाला.

३१ जुलै २०२२ रोजी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी रामोस गेले. मेट्रो मनिलातल्या वीरांच्या स्मशानभूमीत, लिबिंगान नग मगा बयानीत, लष्करी इतमामात त्यांचं दफन झालं.

त्यांच्या कारकिर्दीची सर्वांत टिकाऊ खूण मात्र कुठल्या थडग्यावर किंवा प्रशस्तिपत्रात नाही. त्या करारानंतर जे हजारो मोरो तरुण फिलिपिन्सच्या सैन्यात आले, त्यांना तोच गणवेश मिळाला ज्याच्यावर त्यांनी कधीकाळी नेम धरला होता. त्या गणवेशाला डावा खिसा आहे आणि खिशाच्या वर फितींसाठी जागा आहे. चोवीस वर्षांच्या रामोस यांना कोरियात मिळालेलं 'मिलिटरी मेरिट मेडल' आता त्या जागेवरही लागू शकतं.